काळोख्या माजघराची कुळकथा

काळपट लाकूड, खरबरीत भिंती, मंद पिवळे दिवे असा दिवाणखाना हल्ली शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या फार्महाऊसात हौसेने सजवला जातो. या थाटाला गॉथिक म्हणतात आणि त्याचं घराणं विलायती आहे. होरेस वॉल्पोलने १७४९पासून लंडनजवळच्या स्ट्रॉबेरी हिल या आपल्या घराला जुन्या गढीचं रूप द्यायला घेतलं. तिथल्या गॅलरीचं दगडी वाटणारं कमानदार छत चक्क कागदाच्या लगद्याचं आहे. शहापूरजवळच्या सापगावच्या परिसरातल्या जुन्या माजघराचा काळोख मात्र असा मुद्दाम घडवलेला नव्हता. पाऊस, धूर आणि भात यांच्या हिशेबात तो आपसूक आला.

इथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. भिंत म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कूड, वर माती-शेणाचा लेप. तिरप्या सरी बसल्या की तो सुटतो. म्हणून छपराची पाखी इतकी खाली उतरवत, की पडवीत शिरताना वाकावं लागे. भिंत वाचली, उजेड अडला. चुलीला धुरांडं नसे. धूर घरभर फिरून कौलांच्या फटींतून बाहेर पडे. त्या धुराने वासे काळेकुळकुळीत होत, पण दमट दिवसांतही कोरडे राहत आणि त्यांना भुंगा सहसा लागत नसे. शेणाने सारवलेल्या कणगीतल्या भातालाही हीच ऊब पुरे.

हे सारं गरिबीचं लक्षण, काच परवडत नव्हती म्हणून खिडकी नव्हती, असं कोणी म्हणेल. गरिबी होतीच, पण ऐपतदारांच्या वाड्यांतही ओटी हवेशीर आणि माजघर अंधारंच असे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: वाशांना तारणारा धूर चुलीपुढच्या बाईचे डोळे आणि छाती जाळत होता. हा आक्षेप मान्यच करायला हवा. छपरात काचेचं कौल बसलं, पुढे गॅस आला, ते उगाच नव्हे. मात्र चूल विझली की लाकडाचं संरक्षणही संपतं. मोडलेल्या वाड्याचे काळे वासे दिवाणखान्यात लावणाऱ्याला ते तेल-औषध देऊन राखावे लागतात. तेव्हा या घराकडून काही उचलायचंच, तर वाशांचा काळा रंग सोडून उतरती पाखी उचलावी. चुलीचा धूर गेला, तरी पाऊस आहे तिथेच आहे.