चिलमीचा नजराणा

ऊर्जानगरच्या वसाहतीत आज तंबाखू म्हटले की खर्रा आठवतो. सुमारे ४०० वर्षांपूर्वी ती बादशहाला नजर करण्याची चीज होती. अकबराचा दूत असद बेग याने विजापुरात तंबाखू प्रथमच पाहिली. तिच्यासाठी त्याने हौसेने चिलीम सजवली. ३ हात लांब नळी वाळवून रंगवली, दोन्ही टोकांना रत्ने व मिनाकाम केले, तोंडाशी येमेनचा अकीक बसवला.

१६०४च्या सुमारास हा नजराणा दरबारात आला. आमच्या ग्रंथांत ही वनस्पती नाही, अशी हरकत हकिमांनी घेतली. प्रत्येक चाल केव्हातरी नवीनच असते, असे असद बेगने उत्तर दिले.

आमच्या मते दोन्ही युक्तिवाद अपुरे होते. ग्रंथात नसणे हा दोषाचा पुरावा नव्हे आणि नवेपणा हा गुणाचा पुरावा नव्हे. निवाडा निरीक्षणानेच होतो. १९५० साली डॉल आणि हिल यांनी लंडनच्या २० रुग्णालयांतील रुग्णांच्या सवयींची तुलना केली. फुप्फुसाचा कर्करोग झालेल्यांत भरपूर धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण जास्त आढळले. चघळलेल्या तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हेही अशाच तुलनांतून सिद्ध झाले.

तेव्हा वर्गात खर्ऱ्याचा विषय निघाला, तर ‘वाईट आहे’ एवढ्यावर थांबू नये. ‘हे कसे कळले?’ हेही विद्यार्थ्यांना विचारावे.