एका थाऊची जागा

यंत्र खडखडू लागले की आपण सहज म्हणतो, 'नट ढिला झाला असेल, आवळून टाका.' नरखेडच्या आमच्या दुकानात हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. लेथच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे, हे मला विसाव्या वर्षी कळले.

लेथ म्हणजे पुस्तकी मराठीतले कातयंत्र. कुंभाराच्या चाकावर माती फिरते, तसे इथे लोखंड फिरते आणि पोलादी हत्यार ते कातते. लोखंडाला धरणारा चक ज्या जाड दांड्यावर बसतो, तो स्पिंडल. जुन्या मशीनमध्ये हा स्पिंडल गनमेटलच्या बुशात फिरतो. तेच त्याचे बेअरिंग.

आपल्याकडे ही यंत्रे आधी विलायतेहून येत. दुसऱ्या महायुद्धात ती वाट अवघड झाली. त्याच काळात, १९४१ साली, किर्लोस्करांनी म्हैसूर संस्थानातल्या हरिहरला लेथ बनवण्याचा कारखाना काढला. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये बंगलोरला हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना झाली. कारखान्यांत नवी मशीने आली, तशी जुनी मशीने तालुक्याच्या गावांत उतरली. अब्बांचे मशीनही असेच जुन्या बाजारातून आलेले. बनवणाऱ्याचे नावसुद्धा झिजून गेले होते. आमच्या भागात संत्र्याची बाग विहिरीवर जगते आणि विहीर पंपावर. पंपाचा शाफ्ट झिजला की शेतकरी अब्बांकडे येत.

३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीचा पूर आमच्याच तालुक्यातल्या मोवाडमध्ये शिरला. २०४ माणसे गेली. त्या दुःखापुढे पंपांचे काय मोल? पण जे वाचले त्यांना पुन्हा शेतीला लागायचे होते. गाळाने भरलेले पंप बैलगाडीतून, सायकलवरून दुकानात येऊ लागले. मी तेव्हा बी.ए. करत होतो. कॉलेज सोडून अब्बांच्या हाताखाली उभा राहिलो.

चार-पाच दिवसांत एक शेतकरी आमचाच शाफ्ट परत घेऊन आला. बेअरिंग त्यावर नीट बसत नव्हते. अब्बांनी मोजले, तर गोलाई चुकलेली. एका बाजूने माप वेगळे, दुसऱ्या बाजूने वेगळे. वर बारीक लाटांसारख्या खुणा. त्यांनी चकात लाकडी दांडा धरून स्पिंडल वर उचलून पाहिला. डायल गेजचा काटा चांगला सहा थाऊ हलला. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आपला केस साधारण तीन थाऊ जाड असतो.

अब्बांनी पट्टा उतरवला आणि मशीन बंद केले. बाहेर दहा-बारा जण बसलेले.

'काहून बंद केली जी मिस्त्री? आमी कवाचे बसून आहो!' एक जण चिडून म्हणाला.

'भाऊ, मशीनच डोलून राहिली, त माल सरळ कसा निघन? उद्या या.'

तो उठून काटोलला निघून गेला. त्याच्यामागे आणखी दोघे गेले. मला राग आला. म्हटले, 'अब्बा, नट आवळा आणि सुरू करा.' त्यांनी पाना माझ्याच हातात दिला. मी जोर लावून आवळले. स्पिंडल हाताने फिरेना.

इथे दूरच्या एका माणसाची आठवण येते. १८८३ च्या सुमारास इंग्लंडात बीचम टॉवर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी उसळून बाहेर येऊ लागले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. फिरता आस स्वतःच तेल ओढून घेतो आणि त्या तेलाच्या थरावर तरंगतो, असा त्याचा अर्थ होता. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्याचे गणित मांडले. म्हणजे धातूला धातू टेकायलाच नको, मधे तेलापुरती जागा हवी. ती फार झाली की स्पिंडल डोलतो. उरलीच नाही, तर बुश तापून चिकटतो.

टॉवरचे नाव अब्बांना ठाऊक नव्हते, पण त्यांचा हात हेच सांगत होता. आमचा बुश बाहेरून निमुळता आणि एका बाजूने चिरलेला. दोन्ही टोकांना नट. एक ढिला करून दुसरा आवळला की बुश निमुळत्या भोकात ओढला जाऊन मिटतो. अब्बांनी माझा नट मागे घेतला. मग पाव फेऱ्याहूनही कमी आवळायचे, स्पिंडल हाताने फिरवायचा, दांड्याने उचलायचा, काटा बघायचा. स्पिंडल चार ठिकाणी थांबवून तपासायचा; कारण तो स्वतःच अंडाकृती झिजला असेल, तर एका जागी ढिला आणि दुसऱ्या जागी जाम निघेल. सायंकाळी काटा दीड थाऊवर आला. तेल देऊन मशीन आधी हळू, मग जोरात चालवले. अब्बा तळहात बेअरिंगच्या घरावर ठेवून उभे राहिले. कोमट लागले, तेव्हा ते घरी जेवायला निघाले.

दुसऱ्या दिवशी त्या शेतकऱ्याचा शाफ्ट नव्याने केला. पैसे घेतले नाहीत. शिवाय त्या आठवड्यात केलेले सगळे शाफ्ट तपासायला परत मागवले. त्यातले तीन खराब निघाले. काटोलला गेलेला माणूस मात्र पुन्हा आमच्याकडे आला नाही.

अब्बा आता नाहीत. मशीन माझा पुतण्या चालवतो. मागच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला, 'चाचा, आवाज येत होता म्हणून पुरा टाइट केला, आता हात लावू देत नाही इतका तापून राहिला.' मी म्हटले, 'बेटा, पहिले बंद कर. थंडा होऊ दे. मग नट जरा मागे घे.'

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)