री, लूसी
(१६ मार्च १९०२–१ एप्रिल १९९५). व्हिएन्नात जन्मलेल्या ब्रिटिश कुंभकलावंत. ज्यू असल्याने १९३८ मध्ये देश सोडून त्या लंडनला आल्या. तिथल्या ॲल्बियन म्यूज या गल्लीत खाली कार्यशाळा आणि वर घर, असा त्यांचा संसार अखेरपर्यंत होता. युद्धकाळात पोटासाठी त्यांनी कपड्यांची बटणे घडवली, तीही झिलईदार आणि देखणी! पुढे कपबश्यांच्या मागणीवर घर चाले. १९४६ मध्ये मदतनीस म्हणून आलेले हान्स कोपर पुढे स्वतः नामवंत कुंभकलावंत झाले. वाळलेल्या कच्च्या भांड्यावर ब्रशने झिलई लावून विजेच्या भट्टीत ते एकदाच भाजायचे, ही लूसी यांची रीत. सुईने बारीक रेघा कोरलेले पातळ वाडगे ही त्यांची सर्वोत्तम निर्मिती. त्यांची कार्यशाळा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पुन्हा उभारली आहे.