फोर्कलिफ्ट चालवायला सरकारी लायसन्स लागते का?

औद्योगिक वसाहतींच्या आसपास 'फोर्कलिफ्ट शिका, लायसन्स मिळवा' अशा जाहिराती हमखास दिसतात. दुसरीकडे अनेक गोदामांत कालपर्यंत माल उचलणाऱ्या पोराला आज सुपरवायझर चावी देऊन 'हळूहळू जमेल' असे सांगतो. एक जण नसलेल्या सरकारी लायसन्ससाठी पैसे मोजतो आणि दुसरा काहीच न शिकता काही टन वजनाच्या यंत्रावर बसतो. या दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: याबाबत कायदा नेमके काय सांगतो?

थोडक्यात उत्तर

कारखान्याच्या किंवा गोदामाच्या आवारात फोर्कलिफ्ट चालवण्यासाठी सरकार स्वतः परीक्षा घेऊन देते असे वेगळे देशव्यापी लायसन्स भारतात नाही. पण प्रशिक्षण द्यायलाच हवे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. फोर्कलिफ्ट सार्वजनिक रस्त्यावर आली की मोटार वाहन कायदा लागू होतो आणि मग आरटीओचे लायसन्स लागते. बंदरांसाठीचे नियम आणखी वेगळे आहेत.

मोटार चालवता येते, मग फोर्कलिफ्ट का नाही?

फोर्कलिफ्टला स्टिअरिंग, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर असे सगळे असते, म्हणून ती गाडीसारखी वाटते. प्रत्यक्षात ती चाकांवरचा तराजू आहे. पुढे फोर्कवर माल, मागे लोखंडी प्रतिभार आणि पुढच्या चाकांचा आस म्हणजे तराजूचा काटा. ती वळते मागच्या चाकांवर, त्यामुळे वळताना तिची पाठ बाहेर फेकली जाते. शेजारी उभा असलेला माणूस भिंत आणि यंत्र यांच्यात सापडतो तो बहुतेकदा याच कारणाने.

यंत्रावरच्या क्षमतेच्या पाटीवर वजनासोबत अंतरही लिहिलेले असते. लहान-मध्यम यंत्रांत ते सहसा ५०० मिलिमीटर असते. मालाचा गुरुत्वमध्य फोर्कच्या उभ्या पाठीपासून इतक्या अंतरावर असेल, तरच पाटीवरचे वजन उचलता येते. एक उदाहरण घेऊ. क्षमता २००० किलो आहे आणि पुढच्या आसापासून फोर्कच्या पाठीपर्यंतचे अंतर ४०० मिलिमीटर आहे. म्हणजे यंत्र आसापासून ९०० मिलिमीटरवर २००० किलो तोलते. आता १६०० मिलिमीटर लांबीची पेटी उचलली, तर तिचा मध्य ८०० मिलिमीटरवर, म्हणजे आसापासून १२०० मिलिमीटरवर जातो. मग तेच यंत्र १५०० किलोच तोलू शकते. पेटीवर '१८०० किलो' वाचून 'दोन टनाच्या आत आहे' असा हिशेब करणारा ऑपरेटर मागची चाके उचलली जाताना पाहतो. माल जितका वर जाईल तितका यंत्राचा तोल आणखी नाजूक होतो. चारचाकीच्या लायसन्ससाठी यातले काहीच शिकवले जात नाही.

मोटार वाहन कायदा कुठे लागू होतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाची व्याख्या आहे. रस्त्यावर वापरण्याजोगे यांत्रिक वाहन म्हणजे मोटार वाहन. पण केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेले खास प्रकारचे वाहन त्यातून वगळले आहे. शिवाय कलम ३ नुसार लायसन्सची सक्ती 'सार्वजनिक ठिकाणी' वाहन चालवण्यासाठी आहे. त्यामुळे गोदामातच फिरणाऱ्या बॅटरीच्या फोर्कलिफ्टशी आरटीओचा सहसा संबंध येत नाही.

मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये 'बांधकाम उपकरण वाहन' असा एक वर्ग आहे. एक्सकॅव्हेटर, लोडर, डंपर, मोबाइल क्रेन यांच्यासोबत त्यात फोर्कलिफ्ट ट्रकचेही नाव आहे. मुख्य काम रस्त्याबाहेरचे, पण अधूनमधून थोड्या अंतरासाठी रस्त्यावर येण्याची क्षमता असलेली आणि ताशी ५० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने न धावणारी वाहने या वर्गात मोडतात. सार्वजनिक रस्त्यावर धावण्याची सोयच नसलेली, निव्वळ आवारातली यंत्रे त्यातून बाहेर ठेवली आहेत.

व्यवहारात अडचण येते ती औद्योगिक वसाहतीत. एका कंपनीचे दोन प्लॉट रस्त्याच्या दोन बाजूंना असतात आणि फोर्कलिफ्ट दिवसातून दहा वेळा रस्ता ओलांडते. 'एमआयडीसीचा रस्ता आहे, आपलाच आहे' हा समज चुकीचा आहे. जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे ती जागा कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक ठिकाण ठरते. तिथे यंत्राची नोंदणी, विमा आणि चालकाकडे त्या प्रकारच्या वाहनाचे लायसन्स या तिन्ही गोष्टी लागतात. रस्त्यावर अपघात झाला की पोलीस आणि विमा कंपनी आधी याच कागदांची मागणी करतात.

आवारातली जबाबदारी कोणाची?

कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये १९८७ च्या दुरुस्तीने कलम ७अ आले. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक ती माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवणे हे कारखान्याच्या भोगवटादाराचे कर्तव्य आहे, असे ते कलम सांगत होते. 'फोर्कलिफ्ट' हा शब्द त्यात नाही, पण ते यंत्र धोकादायक असल्याने त्याचे प्रशिक्षण या कर्तव्यात येतेच. याच कायद्याच्या कलम २९ मध्ये उचल यंत्रांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी सांगितली होती. त्या कलमातल्या यादीत क्रेन, विंच वगैरे आहेत, फोर्कलिफ्टचे नाव नाही. तरी व्यवहारात फोर्कलिफ्टचीही तपासणी याच पद्धतीने करून घेतली जाते. महाराष्ट्रात या कामावर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची देखरेख असते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. प्रशिक्षण देण्याचे मालकाचे कर्तव्य संहितेच्या कलम ६ मध्ये कायम आहे. जुने नियम संहितेशी विसंगत नसतील तिथवर चालू राहतात.

या बदलात गोदामांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. कारखाने अधिनियम 'कारखान्या'पुरता होता. भिवंडी परिसरात आहेत तशी, नुसती साठवणूक करणारी गोदामे कारखाना ठरतात की नाही यावर वाद होई आणि ती अनेकदा दुकाने व आस्थापना कायद्याखाली राहत. नव्या संहितेत 'आस्थापना' ही व्याख्या दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कोणत्याही उद्योग-व्यापाराला कवेत घेते. त्यामुळे 'आमचे फक्त गोदाम आहे' ही सबब आता टिकत नाही.

बंदरांत वेगळे काय आहे?

गोदी कामगारांसाठी १९८६ चा सुरक्षा कायदा आणि त्याखालची १९९० ची विनियमावली होती. हा कायदाही आता नव्या संहितेत विलीन झाला आहे. उचल यंत्रे आणि वाहतूक साधने चालवणारा माणूस १८ वर्षांवरील, पुरेसा सक्षम व भरवशाचा असावा, त्याला त्या कामातल्या धोक्यांची जाण असावी आणि त्याची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी व्हावी, अशा अटी त्या विनियमावलीत स्पष्ट लिहिलेल्या आहेत. साध्या गोदामासाठी इतके नेमके शब्द कायद्यात सापडत नाहीत.

मग बाजारात मिळते ते 'लायसन्स' काय असते?

खासगी संस्था देतात ते प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असते. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याखाली वाहन उद्योग, लॉजिस्टिक्स अशा क्षेत्रांच्या कौशल्य परिषदांचे अभ्यासक्रम असतात. यंत्र बनवणाऱ्या कंपन्याही प्रशिक्षण देतात. ही प्रमाणपत्रे नोकरीसाठी उपयोगी आहेत आणि चांगल्या संस्थेतले शिक्षण जीव वाचवू शकते. पण ते सरकारी लायसन्स नव्हे. एका दिवसात, यंत्राला हातही न लावता, फोटो चिकटवलेले कार्ड हाती देणारी संस्था पैसे घेते ते फक्त कार्डाचे.

अनेक कंपन्या आपल्या ऑपरेटरला स्वतःचे परवाना-कार्ड देतात. कोणत्या प्रकारचे यंत्र, किती क्षमतेपर्यंत आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे त्यावर लिहिलेले असते. ते त्या आवारापुरतेच असते. कंपनी बदलली की नव्या ठिकाणी पुन्हा मूल्यमापन व्हायला हवे, कारण यंत्र, रॅक, उतार, जमीन सगळेच बदललेले असते.

इतर देशांत काय पद्धत आहे?

जगात साधारण दोन पद्धती दिसतात. एकीत सरकार लायसन्स देते, दुसरीत सरकार मालकावर कर्तव्य टाकते.

ऑस्ट्रेलिया पहिल्या पद्धतीचा. तिथे फोर्कलिफ्टसाठी 'जास्त जोखमीच्या कामाचे लायसन्स' लागते. वय किमान १८, मान्यताप्राप्त संस्थेतले प्रशिक्षण व परीक्षा अनिवार्य आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एका राज्याचे लायसन्स देशभर चालते.

अमेरिका दुसऱ्या पद्धतीची. तिथल्या कामगार सुरक्षा विभागाने १ डिसेंबर १९९८ ला जाहीर केलेला नियम १ मार्च १९९९ पासून अमलात आला. वर्गातले शिक्षण, प्रत्यक्ष सराव आणि कामाच्या जागेवर मूल्यमापन, हे तिन्ही मालकाने करायचे. मालकाने नोंद ठेवायची, त्यात ऑपरेटरचे नाव, प्रशिक्षणाची तारीख, मूल्यमापनाची तारीख आणि ते करणाऱ्याचे नाव हवे. दर तीन वर्षांनी मूल्यमापन पुन्हा. अपघात झाला, थोडक्यात टळला, चुकीची सवय दिसली किंवा यंत्र बदलले, तर उजळणी प्रशिक्षण लगेच. १८ वर्षांखालच्यांना ते चालवण्यास मनाई आहे. सरकार तिथेही कार्ड देत नाही.

ब्रिटनमध्येही सरकारी लायसन्स नाही. तिथल्या मान्य आचारसंहितेत प्रशिक्षणाचे तीन टप्पे आहेत: मूलभूत शिक्षण, त्या कामाचे खास शिक्षण आणि देखरेखीखाली जागेची ओळख. जपानने यंत्राच्या क्षमतेवरून रेषा आखली आहे. एक टन किंवा त्याहून जास्त क्षमतेच्या फोर्कलिफ्टसाठी नोंदणीकृत संस्थेतला कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. कोणतेही वाहन लायसन्स नसलेल्याला तो ३५ तासांचा असतो. त्याखालच्या यंत्रासाठी मालकाने दिलेले विशेष शिक्षण चालते.

भारताची पद्धत अमेरिका-ब्रिटनच्या जवळची आहे, पण एक मोठा फरक आहे. तिथे प्रशिक्षणात काय असावे हे नियमात किंवा आचारसंहितेत तपशीलवार लिहिले आहे. आपल्याकडे कर्तव्य लिहिले आहे, तपशील बराचसा मालकावर सोडला आहे. यंत्रचलित औद्योगिक ट्रकांसाठी आयएस ६३०५ ही भारतीय मानक संहिता आहे, पण मानक संहिता आणि बंधनकारक लायसन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अपघात झाला तर?

'त्याच्याकडे लायसन्स नव्हते, म्हणून भरपाई नाही' हे वाक्य कामगाराच्या घरच्यांना ऐकवले जाते. ते जसेच्या तसे मान्य करू नये. कामावर झालेल्या दुखापतीची भरपाई कामगाराची चूक होती की नाही यावर सहसा अवलंबून नसते. जिथे कर्मचारी राज्य विमा लागू आहे तिथे त्याचे लाभ मिळतात, नसेल तिथे कर्मचारी भरपाईची तरतूद लागू होते. दारूच्या अमलाखाली असणे, सुरक्षा नियम जाणूनबुजून मोडणे अशा कारणांनी मालक काही वेळा सुटू शकतो, पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तीही सबब चालत नाही. शिवाय अप्रशिक्षित माणसाला यंत्रावर बसवणे ही आधी मालकाची कसूर आहे.

नव्या संहितेच्या कलम १०३ नुसार कर्तव्यात कसूर झाल्याने मृत्यू ओढवला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. या दंडातला किमान निम्मा भाग पीडिताला किंवा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली वेगळा नोंदवला जाऊ शकतो. तो ऑपरेटरवरही होऊ शकतो, हे चावी हातात घेणाऱ्याने लक्षात ठेवावे.

ऑपरेटरने काय पाहावे?

- प्रशिक्षणाची नोंद तारखेसह ठेवली जाते का आणि तिची प्रत मिळते का.
- ठेकेदारामार्फत कामाला असाल तर प्रशिक्षण कोण देणार, हे आधी विचारावे.
- नेमणूक पत्रात 'हेल्पर' लिहिले असेल आणि काम फोर्कलिफ्टचे असेल, तर पत्र बदलून मागावे. नेमणूक पत्र देणे नव्या संहितेत मालकाला बंधनकारक आहे.
- पाळी सुरू होताना ब्रेक, हॉर्न, साखळी, फोर्क, टायर, तेलाची गळती आणि सीटबेल्ट तपासून नोंद करावी. बिघाड असेल तर यंत्र बाजूला लावावे.
- क्षमतेची पाटी पुसली गेली असेल तर नवी मागावी. तोवर वजनाचा अंदाज बांधू नये.
- यंत्र कलंडू लागले तर उडी मारू नये. उडी मारणारा नेमका वरच्या छताखाली सापडतो. पट्टा लावलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि कलंडण्याच्या उलट बाजूला झुकावे.
- गंभीर धोका दिसला तर मालकाला सांगण्याचा आणि निरीक्षकापर्यंत तक्रार नेण्याचा हक्क कामगाराला कायद्याने आहे. तक्रार लेखी असावी आणि तिची पोच घ्यावी.

सरकारी कार्ड नाही, याचा अर्थ कोणीही यंत्रावर बसावे असा होत नाही. प्रशिक्षण दिल्याचा पुरावा मालकाला दाखवता आला पाहिजे आणि ऑपरेटरला तो मागता आला पाहिजे.