जुनी फोर-बाय-फोर घरी दुरुस्त करायची? काय स्वतः करायचं आणि कुठे हात लावायचा नाही

रविवारची सकाळ. बिल्डिंगखाली एक जुनी जीप उभी आहे, बॉनेट उघडं. एका हातात पाना, दुसऱ्या हातात मोबाईल, मोबाईलवर व्हिडीओ सुरू. बाजूला उभे असलेले चौघे चार सल्ले देतायत. भिवंडीत हे चित्र नवीन नाही.

या शहरात जुनी फोर-बाय-फोर पाळण्याला कारणंही आहेत. एकीकडे वाडा रोडचे खड्डे, दुसरीकडे गोडाऊनच्या वाटांवरचा चिखल आणि पावसाळ्यात कामवारी नदी फुगली की तीनबत्तीसारख्या सखल भागात शिरणारं पाणी. अशा ठिकाणी उंच गाडी कामाची असते. पण हेच पाणी, चिखल आणि धूळ त्या गाडीला आतून खातात.

मग प्रश्न येतो, गॅरेजचा खर्च वाचवून घरी काय काय करता येईल? बरंच काही. पण काही कामं अशी आहेत, जी चुकली तर जिवावर बेततं. दोन्ही नीट समजून घेऊ.

या गाड्या घरी दुरुस्त होऊ शकतात, ते का?

भारतातल्या जीपची मुळं दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये आहेत. १९४५ साली महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी सुरू झाली, १९४८ मध्ये तिचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. सुरुवातीला तिने विलीजचे सुटे भाग मागवून मुंबईतच जीप जोडल्या. पुढे एमएम ५४०, मेजर आणि २०१० साली आलेली थार ही त्याच घराण्यातली. मारुतीची जिप्सी आली १९८५ मध्ये.

युद्धासाठी बनवलेली गाडी रणांगणावरच दुरुस्त व्हायला हवी, हा मूळ विचार. म्हणून यात बॉडी वेगळी आणि चासी वेगळी. जुन्या मॉडेलमध्ये पुढे-मागे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे, इलेक्ट्रॉनिक्स जवळपास नाहीच. पान्यांचा सेट, ग्रीस गन आणि गाडीचं मॅन्युअल असेल तर निम्मी देखभाल घरी होते.

आधी फोर-व्हील समजून घ्या

या गाड्यांमध्ये गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. इंजिनची ताकद मागच्या चाकांना द्यायची की चारही चाकांना, हे ती ठरवते. छोटा लिव्हर तिचाच. टू-हाय म्हणजे रोजचं चालवणं, फोर-हाय म्हणजे चिखल, फोर-लो म्हणजे कमी वेग आणि जास्त ओढ.

इथे एक चूक सर्रास होते. पाऊस थांबला, रस्ता कोरडा झाला, तरी लिव्हर फोर-हायमध्येच. गाडी वळते तेव्हा पुढची चाकं मोठ्या वळणावरून जातात, म्हणजे मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. फोर-व्हील लावलेलं असताना पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेले असतात. मातीत टायर थोडा घसरतो आणि हिशोब जुळतो. डांबरावर टायर घसरत नाही, मग सगळा ताण गिअर, क्रॉस आणि शाफ्टवर येतो. लिव्हर अडकला तर जोर लावू नका. गाडी सरळ थोडी मागे घ्या, ताण सुटला की लिव्हरही सुटतो.

उलट बाजूही आहे. वर्षभर फोर-व्हील वापरलंच नाही तर आतल्या भागांपर्यंत तेल पोचत नाही, लिव्हर जाम होतो. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर किलोमीटरभर लावून चालवा.

गाडीखाली जाण्याआधी

हा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, उचलून धरण्यासाठी नाही. सील गळालं की तो खाली बसतो. गाडीखाली डोकं घालायचं तर चासी किंवा अ‍ॅक्सलखाली लोखंडी घोड्या हव्यातच. विटा, पेव्हर ब्लॉक आणि लाकडाचे तुकडे एकावर एक रचून चालणार नाही. वीट आधी इशारा देत नाही, थेट फुटते.

दुसरी गोष्ट फार जणांना माहीत नसते. विलीज घराण्यातल्या अनेक जुन्या जीपमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागच्या शाफ्टवर असतो. अशा गाडीचं मागचं एक चाक जॅकवर उचललंत की हँडब्रेकचा उपयोग संपला. शाफ्ट थांबलेला असला तरी डिफरन्शियलमुळे हवेतलं चाक एका दिशेला आणि जमिनीवरचं दुसऱ्या दिशेला फिरू शकतं. म्हणजे हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते.

म्हणून जागा सपाट आणि पक्की हवी. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून ओट लावा. गाडी गिअरमध्ये ठेवा, फोर-व्हील लावा, पुढच्या चाकांना हब लॉक असतील तर तेही लॉक करा. एकट्याने काम करू नका, हाकेच्या अंतरावर कुणीतरी असू द्या.

घरी करता येणारी सहा कामं

१. तेलं तपासणं. इंजिन ऑइल सगळे बघतात. पण गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन डिफरन्शियल अशी आणखी चार ठिकाणं आहेत. प्रत्येकाला तेल भरायचा नट वर आणि काढायचा नट खाली असतो. बदलताना नेहमी भरायचा नट आधी उघडा. खालून तेल सोडून दिलं आणि वरचा नट गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवरून हलवता येणार नाही. तेल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं, बोट घालून कळतं. डिफरन्शियलला साधारणपणे जीएल-५ तेल लागतं. तेच जुन्या गिअरबॉक्समध्ये घातलं तर काही जीएल-५ तेलं आतले पितळी भाग खराब करू शकतात. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच भरा.

२. ग्रीसिंग. शाफ्टचे क्रॉस, पाट्यांचे शॅकल आणि स्टिअरिंगचे सांधे, जिथे निप्पल दिसेल तिथे ग्रीस. आधी निप्पल कपड्याने पुसा, नाहीतर बाहेरची माती तुम्हीच आत ढकलाल. क्रॉसच्या चारही टोकांतून जुनं ग्रीस बाहेर आलं पाहिजे. रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना खालून "टक्" असा ठोका येत असेल, तर बऱ्याचदा क्रॉस झिजलेला असतो. शाफ्ट काढायचा झाल्यास आधी दोन्ही बाजूंना खडूने खुणा करा. शाफ्ट जसा होता तसाच बसला नाही तर गाडी थरथरते.

३. बॅटरी. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर आला की सेल्फ मारताना नुसतं "टिक" वाजतं. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनल धुवा, सुकवा, वर पेट्रोलियम जेली लावा. मल्टिमीटरवर बंद गाडीत चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास आकडा दिसला तर अल्टरनेटर ठीक आहे.

४. रेडिएटर आणि एअर फिल्टर. लूमच्या गल्लीत गाडी उभी राहत असेल तर धुळीबरोबर कापसाचे तंतूही जाळीत बसतात आणि गाडी चढावर तापते. इंजिनच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेला हलक्या धारेने पाणी मारा. प्रेशर वॉशरने पातळ पात्या वाकतात. गरम इंजिनवर रेडिएटरची कॅप कधीही उघडायची नाही, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

५. डिझेल फिल्टर. फिल्टर बदलला आणि गाडी सुरूच होईना, कारण लाईनमध्ये हवा गेली. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात एअर स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहा. बुडबुडे थांबून निखळ डिझेल आलं की स्क्रू कसा. हे फक्त जुन्या इंजिनांसाठी. थार सीआरडीईसारख्या कॉमन रेल इंजिनात हाय प्रेशर पाइपला हात लावू नका. तिथला दाब हजार बारच्याही पुढे जातो. डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण लगेच ऑपरेशन लागू शकतं.

६. गंज. पावसाळ्यानंतर चासी, पाट्यांचे कोपरे आणि फ्लोअर आतून धुवा. चिखल साचलेला राहिला की गंज सुरू. वरवरचा असेल तर वायर ब्रश, प्रायमर, रंग. स्क्रू ड्रायव्हर टोचल्यावर आत गेला तर तो पत्रा संपलाय, तिथे नुसता रंग म्हणजे फसवणूक. वेल्डिंग अनुभवी माणसाकडून करून घ्या आणि त्याआधी बॅटरी सोडवा.

पाण्यातून गाडी काढली, पुढे काय?

चाकांमधला अ‍ॅक्सल चालून गरम झालेला असतो. तो थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढते. त्यासाठी अ‍ॅक्सलवर ब्रीदर नावाची छोटी वाट असते. ती चिखलाने बंद असेल तर सीलमधून पाणी आत जातं. म्हणून पावसाळ्याआधी ब्रीदर साफ करा.

पाण्यातून बाहेर आल्यावर हळू चालवत ब्रेक अनेकदा हलके दाबा, ड्रम सुकतात. दुसऱ्या दिवशी तेल बघा. दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, तेल बदला. आणि पाण्यात इंजिन बंद पडलं असेल तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांचं काम लाखावर जातं.

इथे हात लावू नका

ब्रेक, स्टिअरिंग, डिफरन्शियलची सेटिंग आणि डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन. ही कामं पाहून शिका, पण एकट्याने पहिला प्रयोग आपल्याच गाडीवर नको. पेडल स्पंजसारखं लागतंय, खाली जातंय किंवा ठरावीक वेगाला स्टिअरिंग जोरात थडथडतंय, तर गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा किंवा टो करा.

सुट्या भागांबाबतही हाच नियम. कुर्ल्याच्या जुन्या मार्केटमधून बंपर, दिवे, दरवाजे, सीट आणायला हरकत नाही. ब्रेकचे भाग, स्टिअरिंगचे सांधे, रबरी होस मात्र नवेच घ्या.

कायदा काय म्हणतो?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून ती दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. इंजिन बदललं तर परवानगी आणि आरसी बुकात नोंद लागते. देखभाल आणि मॉडिफिकेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीवरून अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो.

आणि काढलेलं जुनं तेल गटारात ओतू नका. गटार शेवटी कामवारीलाच मिळतं. डब्यात भरून, वापरलेलं तेल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या.

शेवटी एक साधी सवय. एक वही करा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कोणतं तेल घातलं, सगळं लिहा. जुन्या गाडीत पुढचा बिघाड कुठून येणार हे बऱ्याचदा त्याच वहीत आधी दिसतं. आणि गाडी विकायची वेळ आली, तर घेणारा माणूस रंगाच्या आधी ती वही बघेल.