नेव्हर फॉर एव्हर

ब्रिटिश गायिका-गीतकार केट बुश (जन्म १९५८) हिचा तिसरा स्टुडिओ अल्बम. प्रकाशन सप्टेंबर १९८०, ईएमआय कंपनी. प्रकाशित होताच तो ब्रिटनच्या अल्बम-यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. ब्रिटिश एकल गायिकेच्या स्टुडिओ अल्बमला हा मान त्यापूर्वी कधीच मिळाला नव्हता. निर्मितीची सूत्रे बुशने जॉन केली याच्यासह स्वतः हाती घेतली.

अल्बमचे खरे महत्त्व ध्वनिप्रयोगांत आहे. कोणताही आवाज नोंदवून तो कळफलकावर सुरांत वाजवू देणारे फेअरलाइट हे संगणकीय वाद्य तेव्हा अगदी नवे होते. ‘बबूश्का’च्या शेवटी काच फुटल्याचा आवाज येतो, तो ॲबी रोड स्टुडिओच्या स्वयंपाकघरातील भांडी फोडून या यंत्रात भरलेला. हे गीत ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. ‘आर्मी ड्रीमर्स’मध्ये मुलगा गमावलेल्या आईचा शोक वॉल्ट्झच्या ठेक्यावर येतो आणि बंदुकीच्या खटक्याचाच ताल होतो. ‘ब्रीदिंग’ तर अणुस्फोटानंतरच्या जगात गर्भातील बाळाच्या तोंडून गायिलेले. संग्रहातील सर्वांत धाडसी गीत तेच. संगीतकार डीलियसवरही एक गीत आहे. पूर्वीच्या दोन अल्बममधील पियानोप्रधान बाज मात्र येथे बराच मागे पडला.