बाप्तिस्मा-भोजन

बाप्तिस्मा-भोजन : कॅथलिक कुटुंबात तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा, म्हणजेच मराठी कॅथलिकांच्या परिभाषेतील स्नानसंस्कार, पार पडल्यावर आईवडिलांनी आप्तेष्टांना दिलेली मेजवानी. चर्चच्या उपासनाविधीत या भोजनाला स्थान नाही आणि चर्चच्या कायद्यातही त्यासंबंधी नियम आढळत नाही. तरीही वसई, मुंबई व गोवा येथील कॅथलिक समाजात ते सहसा टाळले जात नाही, कारण मुलाचे धर्ममातापिता कोण झाले आणि त्यामुळे कोणते घर कोणाशी जोडले गेले, हे साऱ्या गोतासमोर येते ते याच पंगतीत.

या भोजनाचे आजचे स्वरूप फार जुने नाही. चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेनुसार बालकाचा बाप्तिस्मा शक्य तितक्या लवकर करणे बंधनकारक होते आणि बालमृत्यूचे भय मोठे असल्याने तो बहुधा जन्मानंतर काही दिवसांतच उरकला जाई. बाळंतीण तेव्हा अंथरुणावरच असे. मुलाला चर्चमध्ये नेण्याचे काम धर्ममाता किंवा घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया करत. ज्या समारंभाला खुद्द आईच हजर नाही, त्याची मेजवानी आटोपशीर राहणे साहजिक होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये बालबाप्तिस्म्याच्या विधीची पुनर्रचना करण्याचे ठरवले व त्यानुसार १९६९ मध्ये नवा विधी जाहीर झाला. त्यात आईवडिलांना मुख्य भूमिका मिळाली : मुलाचे नाव धर्मगुरू त्यांनाच विचारतो, श्रद्धेची कबुली धर्ममातापित्यांसह तेच देतात आणि पाणी ओतताना बाळ सामान्यतः त्यांच्याच हातांत असते. १९८३ च्या संहितेने ‘शक्य तितक्या लवकर’ऐवजी ‘पहिल्या काही आठवड्यांत’ अशी मुदत घातली, आणि या सवडीमुळे आई स्वतः यजमानीण होऊ शकली.

धर्ममातापिता (गोव्याच्या कोकणीत मादीन व पादीन) हे या भोजनाचे मानकरी होत. एक पुरुष व एक स्त्री, किंवा दोघांपैकी एकच, अशी संख्येची मर्यादा सोळाव्या शतकातील ट्रेंट परिषदेपासून चालत आली आहे. धर्मपालक (म्हणजे धर्ममाता किंवा धर्मपिता) सामान्यतः सोळा वर्षे पूर्ण केलेला, दृढीकरण-संस्कार घेतलेला कॅथलिक असावा लागतो व तो बालकाचा पिता किंवा माता असू शकत नाही. धर्मपालक आणि बालक यांच्यात आध्यात्मिक नाते जुळते व ते विवाहाच्या आड येते, असे पूर्वी कायदाच मानत असे. १९८३ च्या संहितेने हा अडसर काढला. नात्याचा मान मात्र कायद्याच्या कलमावर अवलंबून नव्हता, त्यामुळे तो टिकला. पुष्कळ ठिकाणी बाळाचा पांढरा अंगरखा धर्ममाता आणते आणि क्रूस ओवलेली सोन्याची साखळी धर्मपालकांकडून येते. विधीत पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली बाळाची मेणबत्तीही घरी येते आणि अनेक घरांत केकशेजारी ठेवली जाते.

पदार्थांच्या निवडीत घरातल्या तान्ह्या मुलाचा विचार दिसतो. व्हिनेगर घातलेले डुकराच्या मांसाचे विंदालू आणि मांस व काळीज बारीक चिरून शिजवलेले सोरपोटेल हे दोन्ही पदार्थ एकदोन दिवस आधी करून ठेवता येतात, किंबहुना मुरल्यावरच त्यांना चव येते. त्यामुळे समारंभाच्या सकाळी सगळे घर चर्चमध्ये गेले तरी स्वयंपाकाची ओढाताण होत नाही. मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन समाजात सोबत फुगे असतात. मैदा, अंडी व नारळाचे दूध यांचे पीठ आंबवतात (पूर्वी त्यासाठी ताडी वापरत), ते मुठीत घेऊन अंगठा व तर्जनी यांच्यामधून दाबून काढतात आणि तो गोळा तापलेल्या तेलात सोडतात. हे काम मात्र ऐनवेळी करावे लागते. याच समाजात खिमाड, म्हणजे मसाले घालून गरम केलेली देशी दारू, छोट्या पेल्यांतून देण्याची रीत आहे.

गोव्यात अशा प्रसंगी घरच्या वेदीपुढे ‘लादाईन’ गाण्याची, म्हणजे मारियेची आळवणी सामूहिकपणे म्हणण्याची चाल असून त्यानंतर उकडलेले चणे आणि फेणी वाटतात. पहिले बाळंतपण माहेरी होत असल्याने तेथील भोजनाला दुसरा अंकही असतो : बाळासह सासरी जाणाऱ्या मुलीबरोबर माहेरची माणसे ‘दोस’ देतात. हरभऱ्याची डाळ शिजवून वाटायची, साखर व खोबरे घालून कढईचा तळ सुटेपर्यंत घोटायची आणि तूप लावलेल्या पाटावर थापून शंकरपाळ्याच्या आकारात कापायची, अशी त्याची कृती आहे. नवख्रिस्तींच्या जन्म, विवाह व मृत्यू यांच्याशी निगडित हिंदू चालींवर गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ मध्ये सविस्तर बंदी घातली होती. तरीही पहिल्या बाळंतपणासाठी माहेर आणि सासरी परतताना गोडधोड, हा सांगाडा शाबूत राहिला.

अलीकडे तारीख ठरवणे हाच यजमानांपुढचा अवघड भाग झाला आहे. बहुतेक धर्मग्रामांत बाप्तिस्म्याचे रविवार ठरलेले असतात, आईवडिलांना व धर्मपालकांना आधी मार्गदर्शनवर्ग करावा लागतो आणि उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत, कायद्याने मनाई नसली तरी अनेक ठिकाणी बालबाप्तिस्मे घेत नाहीत. त्यात आखातात किंवा कॅनडात असलेल्या काका-मामांच्या रजा जुळवायच्या म्हटले की काही आठवड्यांचे काही महिने होतात. धर्मगुरूंना ही दिरंगाई रुचत नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर आहेत. मिश्रविवाहाच्या घरांत आणखी एक गाठ सोडवावी लागते. बिगरख्रिस्ती मामा धर्मपिता होऊ शकत नाही, म्हणून केक कापताना बाळाला त्याच्या मांडीवर देणे, शुभेच्छांचा पेला उंचावण्याचा (गोव्यात ‘ब्रिंद’) मान त्याला देणे आणि शाकाहारी पाहुण्यांचे टेबल स्वतंत्र मांडणे, अशा तडजोडी यजमान करतात. पूर्वी शेजारणी मिळून रांधत तेथे आता बहुधा कॅटरर येतो. फुगे मात्र कित्येक कुटुंबे अजूनही माहीतगार बाईकडूनच करवून घेतात.